राणीचं आडनाव

मीनल गाढवे हिचं लग्न ठरलं तेव्हा बार्शीत तिचं अभिनंदन दोन कारणांसाठी झालं. एक, मुलगा पुण्याचा आणि कॉम्प्युटरमधला. दोन, आडनाव सुटलं. खरं सांगायचं तर दुसऱ्या कारणासाठी लोक जरा जास्तच मनापासून हात हातात घेत होते. "सरनोबत! नशीब काढलंस पोरी," असं म्हणणाऱ्या तिन्ही आत्या माहेरच्या गाढवेच होत्या, त्यामुळे सुटका म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मीनलनेही वाईट वाटून घेतलं नव्हतं. शाळेत हजेरीला "गाढवे मीनल" पुकारलं की मागच्या बाकावरून कुणीतरी रेकायचं आणि सर मान खाली घालून हसू गिळायचे, हे दहा वर्षं ऐकलेल्या मुलीला त्या आडनावाचा उमाळा येण्याचं काही कारण नव्हतं. तिचे वडील दिलीप गाढवे मात्र वेगळ्या मातीचे. बस स्टँडसमोर त्यांची टायपिंगची शाळा होती आणि तिच्यावर 'गाढवे टायपिंग इन्स्टिट्यूट' अशी ठळक पाटी होती. हितचिंतक सांगायचे, गॅझेटमध्ये देऊन टाका, गंधे करा, गाडगीळ करा. ते म्हणायचे, "आमच्या आजोबांनी काय चोरी केलीय का?" आणि पुन्हा कुणाच्या तरी चुकीच्या बोटांकडे वळायचे. दोन्ही मुली मात्र एकापाठोपाठ एक लग्न करून आडनावातून बाहेर पडल्या. पाटीखाली आता गाढवे म्हणून ते एकटेच उरले.

सरनोबत हे काय प्रकरण आहे हे मीनलला लग्नानंतर कळलं. तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी कुणाच्या तरी घोडदळात काहीतरी होते, एवढ्या भक्कम पायावर ते घराणं उभं होतं. सासरे दिनकरराव महसूल खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी घराण्याची वंशावळ स्वतः छापून घेतली होती. दोनशे बारा पानं, अकरा पिढ्या. लग्नात आलेल्या प्रत्येकाला ती भेट मिळाली. तीत बायकांची नावं होती, नाही असं नाही, पण कंसात.

दोन हजार चारच्या हिवाळ्याच्या तोंडावर नवरा सारंग एका बँकेच्या प्रोजेक्टवर नेदरलँड्सला आला आणि दोघं अ‍ॅमस्टेलव्हीनला राहू लागली. तिथली नगरपालिका म्हणजे गेमेंटे, आणि तिच्यात नाव नोंदवल्याशिवाय माणूस या देशात जन्मलेलाच नसतो. खिडकीमागच्या बाईंनी पासपोर्ट पाहिला, लग्नाचा दाखला पाहिला, मग मीनलचा जन्माचा दाखला पाहिला आणि जे टाइप करायचं ते टाइप केलं. आठवड्याभरात पहिलं पत्र आलं. पाकिटावर छापलेलं होतं: मेव्राउ, म्हणजे श्रीमती, एम. डी. गाढवे.

सारंगनं ते पाकीट दोन्ही बाजूंनी पाहिलं. "हा एरर आहे," तो म्हणाला. "डेटा एन्ट्रीचा. मी कम्प्लेंट टाकतो."

दोघं पुन्हा खिडकीशी गेली. बाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे माणूस ज्या नावानं जन्मतो तेच त्याचं नाव. नवऱ्याचं नाव हौस म्हणून वापरता येतं. हवं असेल तर पत्रावर घालू."

"हौस म्हणून?" सारंगला हा शब्द बराच वेळ गिळता आला नाही. सरनोबत ही हौस आणि गाढवे ही वस्तुस्थिती, असा निकाल एका परक्या सरकारनं चहाच्या कपातून घोट घेत घेत दिला होता.

सुरुवातीला मीनलनं स्वतःच ती पाकिटं लपवली. वाणसामानाच्या डब्यामागे पाण्याचं, कचऱ्याचं, इन्शुरन्सचं असा गाढव्यांचा ढीग जमला. मग डॉक्टरकडे वेटिंग रूममध्ये दार उघडून कुणीतरी हाक मारली, "मेव्राउ खाडावे?" डच लोकांना ग म्हणायचा म्हणजे घसा खाकरावा लागतो. तिनं इकडेतिकडे पाहिलं. कुणीही हसत नव्हतं. मागच्या बाकावर एक म्हातारा वर्तमानपत्र वाचत होता, त्यानं मान वरही केली नाही. ती उठली आणि आत गेली. आयुष्यात पहिल्यांदा ते नाव नुसतं नाव होतं.

तिच्याकडे पुणे विद्यापीठाची ग्रंथालयशास्त्राची पदवी होती. तिचा अ‍ॅमस्टेलव्हीनमधला उपयोग म्हणजे फाइलमध्ये प्लास्टिकच्या पानात ठेवणे. डच येत नाही म्हणून नोकरी नाही आणि डचच्या वर्गाला वेटिंग लिस्ट. दिवसभर घरात बसून ती सारंगचे शर्ट इस्त्री करायची आणि सारंग संध्याकाळी येऊन सांगायचा की इथे कुणी इस्त्रीचे शर्ट घालत नाही.

दोन हजार पाचच्या मार्चमध्ये ती पाल्यासकट मुळा शोधत बसस्टॉपजवळच्या कोरियन किराण्याच्या दुकानात शिरली. गल्ल्यावर पन्नाशी उलटलेली एक ठेंगणी, जाड काचांचा चष्मा लावलेली बाई होती. दुकानाच्या दारावर 'पार्क' असं नाव होतं, म्हणून मीनल म्हणाली, "मिसेस पार्क, हा मुळा..."

"पार्क माझा नवरा," बाई म्हणाली. "मी हो."

मीनलला वाटलं, बाई कशाला तरी होकार देतेय. मग कळलं की तिचं आडनावच हो. कोरियात लग्न झालं म्हणून बाईचं आडनाव बदलत नाही. तीस वर्षं संसार केला, तीन मुलं झाली, एका देशातून दुसऱ्या देशात दुकान हलवलं, पण पार्कच्या घरात ती होच राहिली. मीनल त्या दिवसापासून तिला मनातल्या मनात होबाई म्हणायला लागली. होबाईच्या तोंडून होकार क्वचितच निघायचा, ही गोष्ट वेगळी.

"इंडिया?" होबाईनं विचारलं. "आयुता?"

"बार्शी," मीनल म्हणाली.

"जवळ आहे?"

मीनलला आयुता कुठे आहे ते माहीत नव्हतं, पण भारताबाहेरच्या माणसाला भारतातलं सगळं जवळच वाटतं या हिशेबानं तिनं मान हलवली. होबाईनं मुळा कागदात गुंडाळला, वर दोन जास्तीच्या जुड्या टाकल्या आणि म्हणाली, "मग तू माझ्या आजीच्या गावची."

त्या आजीची गोष्ट मीनलला हप्त्याहप्त्यानं कळली, कारण महिन्याभरात ती तिथेच कामाला लागली. होबाईला पेट्या उघडायला आणि गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलायला कुणीतरी हवंच होतं. गोष्ट अशी. दोन हजार वर्षांपूर्वी आयुता नावाच्या राज्यात सोळा वर्षांची राजकन्या होती. आयुता म्हणजे आपली अयोध्या, असं कोरियातले पुष्कळ लोक मानतात. काही जण आणखी दुसरंच गाव सांगतात. तिच्या आईवडिलांना स्वप्न पडलं की मुलीला समुद्रापलीकडे धाडा, तिथे एक राजा आहे आणि त्याला बायको नाही. त्यांनी धाडली. समुद्र खवळला म्हणून जहाज परत आलं, तेव्हा वडिलांनी जहाजात दगडांचा एक मनोरा चढवला आणि पुन्हा धाडली.

"आणि विचारलं नाही तिला?" मीनलनं विचारलं.

"तुला विचारलं होतं?" होबाई म्हणाली.

मीनल सोयासॉसच्या बाटल्या लावत राहिली.

लाल शिडाचं जहाज किनाऱ्याला लागलं. राजानं सरदार पाठवले, चला राजवाड्यात. पोरगी म्हणाली, मी तुम्हाला ओळखत नाही, मी कशी येऊ? उतरलीच नाही. शेवटी राजा स्वतः वाड्याबाहेर आला, डोंगराच्या पायथ्याशी तंबू ठोकून तिची वाट पाहत बसला, तेव्हा ती उतरली. मग दहा मुलगे झाले. थोरल्यानं बापाचं किम हे आडनाव चालवलं. दोघांना तिनं आपलं आडनाव दिलं. हो. त्या दोघांपासून आजपर्यंत सगळे हो.

मीनलनं घरी जाऊन ही गोष्ट सारंगला सांगितली. सारंगनं लगेच लॅपटॉप उघडला. कुठल्याही गोष्टीतली मजा घालवायची असली की तो विकिपीडिया उघडायचा. "यात लिहिलंय की काही हिस्टॉरिकल एव्हिडन्स नाही. आणि तो राजा म्हणे सोन्याच्या अंड्यातून जन्मला."

"म्हणूनच जमलं तिला," मीनल म्हणाली. "अंड्यातून आला म्हणजे मागे आडनावाचा आग्रह धरणारे सासरे नव्हते."

सारंग हसला. तो चांगला माणूस होता. बायकोच्या विनोदाला हसायचा, भांडी घासायचा, आणि हे दोन्ही करतो म्हणून आपण काळाच्या बरेच पुढे आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. "दहापैकी तीन झाले. बाकीचे सात?"

"साधू झाले."

"बघ. आडनावाच्या भांडणाला कंटाळून."

त्या वर्षाच्या नोव्हेंबरात मीनलला दिवस गेल्याचं कळलं. आनंद झाला, बार्शीला फोन झाला, पुण्याला फोन झाला. आणि डिसेंबरात एका संध्याकाळी आमटी वाढता वाढता तिनं सांगितलं, "बाळाला माझं आडनाव लावू या. इथे चालतं. दोघांनी जाऊन सही करायची फक्त."

सारंगला आधी वाटलं हा विनोदच आहे, म्हणून तो सवयीनं हसला. मग थांबला. "गाढवे? सीरियसली?"

"इथे कुणाला कळतंय?"

"इथे नाही कळणार. पुण्यात कळेल ना!" त्यानं घास खाली ठेवला. "मीनल, मी काही ओल्ड फॅशन्ड नाही. तुझं आडनाव दुसरं काही असतं ना, काहीही, तर मी विचार केला असता."

हे वाक्य मीनलला पुढे इतक्या जणांच्या तोंडून ऐकायला मिळालं की तिला ते पाठ झालं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी चित्रा देसाई यांनी तिळगुळाबरोबर तेच दिलं. "तत्त्व म्हणून मी तुझ्याच बाजूची गं. पण मुलाच्या दृष्टीनं विचार कर. तुझं माहेरचं आडनाव जरा बरं असतं तर गोष्ट निराळी." सगळ्या बायका सहानुभूतीनं मान हलवत होत्या. बाईला हक्क असावा याबद्दल त्यांच्यात दुमत नव्हतं. फक्त हक्क दिसायला बरा असावा.

सारंगनं एक मधला मार्गही काढला. "दोन्ही लावू. गाढवे-सरनोबत."

मीनलनं ते दोनदा मनात म्हणून पाहिलं आणि तिलाच हसू फुटलं. "गाढवांचा सेनापती! शाळेत काय करतील रे त्याचं!" दोघं पोट धरून हसली. मग सारंगला वाटलं, विषय मिटला. तो मिटला नव्हता. एवढा हट्ट का, हे मीनलला तरी नीट सांगता कुठे येत होतं? वडिलांचं नाव चालवायचं म्हणून? थोडंसं. होबाईच्या राणीमुळे? थोडंसं. पण खरी गोष्ट अशी होती की एकतीस वर्षांची होईपर्यंत तिनं ते आडनाव एखाद्या डागासारखं झाकलं होतं, आणि एका परक्या वेटिंग रूममध्ये ते कुणालाच डाग वाटलं नव्हतं. मग ती झाकत कशाला होती, याचा तिला राग यायला लागला होता. एवढं सगळं आमटी वाढता वाढता बोलता येत नाही. ती एवढंच म्हणाली, "मी येईन त्या खिडकीशी, तू आलास तर. नाही तर बाळाचं नाव तू एकटा जाऊन लाव. ते तर कायद्यानं चालतंच. मला मात्र विचारू नकोस."

सारंगनं पुण्याला फोन केला. म्हणजे तक्रार नाही, नुसतं सहज सांगितलं. तीन आठवड्यांत दिनकररावांचा व्हिसा झाला.

ते मार्चमध्ये आले, गुडघ्यांमुळे सासूबाईंना पुण्यातच ठेवून. सांगण्यापुरतं कारण ट्युलिप बघायचं होतं. सामानात दोन किलो मेतकूट, कानटोपी आणि वंशावळीच्या सहा प्रती. पहिले दोन दिवस ते हवापाण्यावर बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप बाजूला सारून म्हणाले, "सूनबाई, अकरा पिढ्या आहेत. बाराव्या पिढीला मी गाढवे लिहू? कुठल्या पानावर लिहू, ते तरी सांग."

"बाबा, तुम्ही लिहिता तो कागद तुमचा. मी म्हणतेय तो जन्माचा दाखला."

"हे तुला कुणी भरवलं?"

मीनलनं खरं सांगितलं. दिनकररावांना आश्चर्य वाटलं नाही. घरातल्या बाईच्या डोक्यात विचार आला तर तो बाहेरूनच आला असणार, ही महसूल खात्याइतकीच जुनी पद्धत होती. ते उठले, कोट चढवला, वंशावळीची एक प्रत काखेत मारली आणि म्हणाले, "चल, दाखव मला त्या बाईचं दुकान."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. होबाई कोबीच्या पेट्या मोजत होती. तिचं इंग्रजी तोडकं होतं आणि डच चांगलं, तर दिनकररावांचं इंग्रजी सरकारी पत्राच्या मसुद्यासारखं. त्यामुळे मधे दुभाषी म्हणून, वर्षभरात दुकानात कामापुरतं डच शिकलेली मीनलच उभी राहिली, आणि स्वतःविरुद्धचा सगळा युक्तिवाद तिला स्वतःच भाषांतर करून पोचवावा लागला. तिनं तो इमानदारीनं पोचवला.

"तिला सांग," दिनकरराव म्हणाले, "की आमचं घराणं जुनं आहे. सोळाशे नव्वदपासूनची नोंद आहे." आणि त्यांनी पुस्तक काउंटरवर ठेवलं, किमचीच्या बरण्यांच्या शेजारी.

होबाईनं ते उघडलं, चाळलं, आदरानं मिटलं. मग मागच्या खोलीत गेली आणि एक निळ्या पुठ्ठ्याचा ग्रंथ दोन्ही हातांवर तोलत घेऊन आली. तो काउंटरवर टेकला तेव्हा बरण्या किणकिणल्या. तिच्या वडिलांच्या पश्चात अमेरिकेतल्या भावानं जागा नाही म्हणून नाकारलेला, म्हणून तिच्याकडे आलेला. "हा आमच्या वंशावळीचा एक भाग. असे आणखी आहेत," ती म्हणाली. "सत्तराहून जास्त पिढ्या."

मीनलनं भाषांतर केलं. दिनकररावांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. चिनी अक्षरांच्या उभ्या रांगांवरून बोट न टेकवता हात फिरवला. स्वतःचं दोनशे बारा पानांचं पुस्तक त्यांनी हळूच काउंटरवरून काढून पुन्हा काखेत घेतलं.

"सत्तर," ते म्हणाले. सुनेनं तीन महिने मांडलेला मुद्दा ज्यांच्या कानापर्यंत पोचला नव्हता, त्यांच्यापर्यंत तो आता वजनानं पोचत होता. "आणि मूळ पुरुष कोण?"

"मूळ बाई," मीनल म्हणाली. "तीच ती. भारतातून गेलेली."

"बरं. मग तिचे वडील कोण? त्यांचं आडनाव?"

होबाईला विचारलं. तिनं खांदे उडवले. माहीत नाही.

"म्हणजे?" दिनकररावांना ही गोष्ट मनापासून लागली. "सोळा वर्षांची मुलगी जहाजात बसवली, बरोबर दगड दिले, आणि बापाचं आडनाव कुणी लिहून ठेवलं नाही? काय माणसं आहेत!"

मीनलला वेगळंच काही विचारायचं होतं. एक वर्ष ती ही गोष्ट ऐकत होती. बाईपासून सुरू झालेलं घराणं म्हणजे आत सगळ्या बायका मांडून बसलेल्या असतील, असं तिनं मनाशी धरलं होतं. "यात तुम्ही कुठे आहात?" तिनं होबाईला विचारलं.

होबाईनं पानं उलटली. तिलाही ती अक्षरं धड वाचता येत नव्हती, पण हे पान तिला ठाऊक होतं. एका ओळीच्या शेवटी तीन अक्षरांवर तिनं बोट ठेवलं.

"हे तुमचं नाव?"

"नाही. पार्क. माझा नवरा." ती हसली. "मुलगी असली की तिच्या जागी जावयाचं नाव लिहायचं. मी आहे, पण पार्क म्हणून."

मीनल त्या तीन अक्षरांकडे पाहत राहिली. तिला फसवल्यासारखं वाटलं, आणि हे तोंडावर दिसलंही असणार, कारण होबाईनं ग्रंथ मिटला आणि जरा दमातच म्हणाली, "मी तुला राणीची गोष्ट सांगितली, पुस्तकाची नाही. पुस्तक पुरुष लिहितात. तू गेमेंटेत जा. तिथे खिडकीत बाई बसते ना?"

एवढंच वाक्य मीनलनं सासऱ्यांना भाषांतर करून सांगितलं नाही.

परतीच्या वाटेवर दिनकरराव पुस्तक काखेत धरून चालत होते. मग कालव्याच्या कडेला थांबून म्हणाले, "बाई थोर आहेत. घराणंही थोर आहे. पण एक लक्षात घे, त्या राणीनं दोनच मुलांना नाव दिलं, आणि तेही दहा झाल्यावर. तू आधी दहा होऊ दे. मग बघू."

हा न्याय त्यांना इतका आवडला की संध्याकाळी त्यांनी तो सारंगलाही ऐकवला आणि फोनवर सासूबाईंनाही.

पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये सोनोग्राफी होती. गर्भ मुलाचा की मुलीचा हे विचारायचंच नसतं या धाकात वाढलेल्या त्या दोघांना, पडद्याकडे बघणाऱ्या मुलीनं हवामानाचा अंदाज सांगावा तसं सांगून टाकलं. मुलगी. सगळं छान आहे.

घरी आल्यावर सारंगनं वडिलांना सांगितलं. दिनकररावांच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं. मीनलनं नीट पाहिलं, आणि ते काय होतं हे तिला कळायला क्षणभर वेळ लागला. ती सुटका होती.

"मुलगी होय!" ते म्हणाले. "मग लावा की हवं ते आडनाव. एवढं ताणायचं कशाला? नाही तरी लग्नात बदलणारच आहे."

सारंगचाही चेहरा मोकळा झाला. तोडगा निघाला होता. कुणी हरलं नव्हतं. दिनकररावांनी त्या दिवशी स्वतः शिरा केला.

मीनल बाल्कनीत जाऊन उभी राहिली. जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते असं मिळालं होतं की घेऊ नये असं वाटत होतं. थोड्या वेळानं सारंग बाहेर आला. तिनं विचारलं, "मुलगा असता तर आला असतास सही करायला?"

सारंगनं खाली पाहिलं. बुटाची नाडी सुटली नव्हती, पण त्यानं वाकून ती पुन्हा बांधली.

"बरं," मीनल म्हणाली. "सोमवारची अपॉइंटमेंट घे."

घ्यायचं की नाही याचा विचार तिनं शनिवारी आणि रविवारी केला. बिनमहत्त्वाचं म्हणून मिळालेलं नाकारून महत्त्व येईल, असं काही दिसत नव्हतं. येणाऱ्या पोरीला मात्र नाव लागणार होतं. सोमवारी ती सारंगबरोबर खिडकीशी उभी होती.

खिडकीत या खेपेला एक तरुण माणूस होता. त्यानं विचारलं, "तुमच्या देशात यासाठी काय नियम आहे?"

"नियम नाही," सारंग म्हणाला. "पद्धत आहे."

"पद्धतीसाठी आमच्याकडे फॉर्म नाही," तो म्हणाला आणि नियमाचा फॉर्म पुढे सरकवला. आईचं आडनाव की वडिलांचं, दोन चौकोन. मीनलनं खूण केली. दोघांनी सह्या केल्या. चार मिनिटं लागली. मागे एक जोडपं कुत्र्याच्या नोंदणीसाठी उभं होतं.

ईशानी जुलैच्या पहिल्या आठवड्यात जन्मली. तीन किलो शंभर ग्रॅम, आवाज खणखणीत. मीनलनं तोवर बार्शीला आडनावाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तिसऱ्या दिवशी दाखला हातात पडल्यावर तिनं वडिलांना फोन लावला.

"आप्पा, ईशानी गाढवे नाव लावलंय. दाखला आलाय."

पलीकडे मशीनचा खडखडाट चालू होता. आप्पा रागावले. "येडी का खुळी तू? तुम्ही दोघी शाळेतून रडत यायचात, ते विसरलीस व्हय? पोरीनं काय गुन्हा केलाय?"

"इथे कुणी रेकत नाही, आप्पा."

"आणि सासरची माणसं?"

"त्यांनी होकार दिला." कसा दिला ते तिनं सांगितलं नाही.

पलीकडचा खडखडाट थांबला. फोन कट झाला असं तिला वाटलं. मग ते म्हणाले, "बाळाला ऊन दाखवत जा. तिकडं ऊन नसतं म्हणे," आणि फोन ठेवला. धाकट्या बहिणीनं नंतर कळवलं की त्यांनी त्या दिवशी वर्ग सोडून दिला आणि पेढ्यांचा पुडा घेऊन अख्खी गल्ली फिरले. ज्यांना त्यांचं आडनाव चाळीस वर्षं माहीत होतं त्यांनाही नातीचं नाव आडनावासकट सांगत होते, आणि समोरचा हसतोय का ते बघत होते.

मंडळात बारशाच्या आमंत्रणावर चित्राताईंनी नुसतं 'बेबी ईशानी' छापून घेतलं. जागा कमी होती म्हणाल्या.

दिनकरराव पुण्याला परतले होते, पण स्वस्थ बसले नव्हते. होबाईच्या ग्रंथानं त्यांची झोप उडवली होती. दिवाळीच्या सुमारास वंशावळीची सुधारित आवृत्ती पोस्टानं आली. मीनलनं आधी शेवटचं पान उघडलं. 'सारंग. कन्या: ईशानी (गाढवे).' गाढवे कंसात का होईना, पण होतं. त्याखाली बारीक टाइपात दीड पानाची तळटीप होती. तीत अयोध्येच्या राजकन्येची हकीकत, कोरियातील तिचे वंशज, मातृकुलाचं आडनाव चालवण्याची प्राचीन भारतीय परंपरा, आणि या परंपरेचा सरनोबत घराण्यानं परदेशात केलेला पुरस्कार, हे सगळं क्रमानं आलं होतं. शेवटचं वाक्य असं: 'राजकन्येच्या जहाजावर संरक्षणासाठी सेनाधिकारी असणारच, ते सरनोबत बहुधा आपल्याच घराण्यातील असावेत, असे मानण्यास जागा आहे.'

सारंगनं ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. मीनलनं ते दुसऱ्या दिवशी दुकानात नेलं. ईशानीला पोटाशी बांधून, एका हातानं पान धरून तिनं होबाईला त्याचं डचमध्ये भाषांतर करून सांगितलं, एक शब्दही न गाळता, कंसातल्या गाढवेचा अर्थसुद्धा.

होबाईनं शेवटपर्यंत ऐकलं. "जहाजावर?" तिनं विचारलं.

"हो."

"मग दगड कुणी उचलले ते विचार त्यांना," ती म्हणाली, आणि ईशानीच्या मुठीत अडकलेली चष्म्याची दोरी सोडवायला लागली.